माझ्या नावावरची ड्युटी

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

ही डायरी हेमा सिस्टरने दिली. औषध कंपनीवाल्याकडून त्यांना तीन मिळालेल्या, त्यातली एक माझ्या अंगावर टाकून म्हणाल्या, "घाग, वॉर्डात तोंड कमी चालव, इथे चालव." हेमा सिस्टर म्हणजे नौपाड्यातल्या आमच्या नर्सिंग होमच्या मेट्रन. बोलणं एकदम खडूस, पण आज संक्रांतीला सगळ्यात आधी तिळगूळ त्यांनीच हातावर ठेवला.

तर पहिल्याच पानावर मृणालचे उपकार लिहिते. मृणाल माझी रूममेट. इथे डोंबिवलीत रंगूबाईंच्या माडीवरच्या खोलीत आम्ही दोघी तीन वर्षं आहोत. तीही नर्सिंगलाच होती, पण शेवटच्या वर्षाचे दोन विषय राहिले ते राहिलेच. आता एका दवाखान्यात असिस्टंट आहे. मी तो विषय काढत नाही, तिला लागतं. माझी सर्टिफिकेटं (डिप्लोमा, मार्कशीट, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळंच) पिशवीत कोंबलेली बघून म्हणाली, "अगं, गेल्या पावसात ही भिंत किती ओली झालेली! लगदा होईल सगळ्याचा. दे इकडे, लॅमिनेशन करून आणते."

दोन दिवस लागले बिचारीला. कुठे कुठे फिरली असेल! आज आणून दिली, चकचकीत एकदम. पैसे देत होते तर घेतलेही नाहीत. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अशी मैत्रीण मिळायला नशीब लागतं हो." खरंच लागतं.

३ मे, शनिवार

मृणाल गेली. गावी लग्न ठरलंय म्हणाली. मुलगा कोण, काय करतो, विचारलं तर नुसती "सांगते नंतर". सामान बांधायला मीच मदत केली. कुकर मला ठेवून गेली. जाताना गळ्यात पडून इतकी रडली की रंगूबाई खालून वर आल्या. "मला माफ कर गं," म्हणाली. मी म्हटलं, वेडी का तू, भांडी घासायची पाळी चुकवलीस म्हणून एवढं?

खोली मोठी वाटतेय. वाईट वाटतंय.

२२ जुलै, मंगळवार

निवड झाली!!! महापालिकेच्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स. यादीत नाव आहे, संचिता शांताराम घाग. आठ वेळा वाचलं. नऊ वर्षं खासगीत काढली. आजारी पडले तरी सुट्टीसाठी हातापाया पडायचं, आणि डॉक्टरीणबाईंचा मूड बघून पगार मागायचा. आता कायमची नोकरी. बाबांना इकडे आणणार, त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करणार. सांगितलं तर त्यांनी फोन आईकडे दिला. मग आई म्हणाली, "अगो, ते अंगणात जाऊन उभे राहिलेत."

हेमा सिस्टरने पेढे आणले. "आता माझ्या डोक्याचा ताप कमी झाला" म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

रंगूबाई आमच्या घरमालकीण. आगरी, जुन्या इथल्याच, सत्तरीच्या पुढे. त्यांनी माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. "माजी पोर सरकारी झाली गो," असं गल्लीभर सांगत सुटल्या.

२९ जुलै, मंगळवार

आज लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

कागदपत्र तपासणीच्या सूचनांमध्ये लिहिलेलं, लॅमिनेट केलेली मूळ प्रमाणपत्रं चालणार नाहीत. कोपरीत नाथा म्हणून एक झेरॉक्सवाला आहे, तो गरम करून प्लास्टिक अलगद सोडवतो असं कळलं. गेले. त्याने रजिस्ट्रेशनची कड उचकटली, कागदावर अंगठा घासला, उजेडात धरला.

"ताई, ओरिजिनल द्या ना. ही कशाला सोडवायची?"

"ओरिजिनलच आहे ते."

"कलर झेरॉक्स आहे ओ. शिक्का बघा, उठावच नाय."

सगळी उघडली. सहाच्या सहा. प्लास्टिकखाली कुणाला कळणार होतं? मी तर सहा महिने कपाटात जपून ठेवलेली, वर रुमाल घालून.

नाथाने मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, पैसे घेतले नाहीत. त्या माणसाचं भलं होवो.

मृणालचा फोन बंद.

३० जुलै, बुधवार

चौकीत गेले. तिथे एक हवालदार भेटले, देवमाणूस. मला रडताना बघून आधी चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, चोरी लिहिलीत तर गुन्हा दाखल, पंचनामा, तपास. सहा महिने धरून चाला. तुमची तपासणी कधी? एकोणीस ऑगस्ट? मग जमायचं नाही. हरवली लिहा. आत्ता दाखला देतो. तो आणि एक प्रतिज्ञापत्र जोडलंत की कौन्सिल दुसरी प्रत देतं."

मी म्हटलं, पण साहेब, हरवली नाहीत, ती घेऊन गेलीये.

"कागद मिळाल्याशी मतलब ना? लिहा, रिक्षातून प्रवास करताना गहाळ झाली. सगळे हेच लिहितात."

लिहिलं. वीस मिनिटांत दाखला हातात! लोक पोलिसांना उगाच नावं ठेवतात. बाहेरच नोटरी बसलेला, तिथे प्रतिज्ञापत्रही झालं.

रंगूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "पन हरवली नाय ना गो? मग हरवली कनाला लिवलीस?" त्यांना ह्यातलं काय कळणार. जेवू घातलं मला, सुकट आणि तांदळाची भाकरी. दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

२ ऑगस्ट, शनिवार

हवालदारसाहेबांना पेढे देऊन आले. घेत नव्हते, आग्रह केला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दुसरी प्रत अजून आली नाही, पण अर्ज मिळाल्याचं कौन्सिलचं पत्र आलेलं. ते आणि दाखला घेऊन तपासणीला गेले. टेबलावरच्या बाईंनी माझा रजिस्ट्रेशन नंबर कॉम्प्युटरवर घातला आणि भुवया वर केल्या.

"तुम्ही नौपाड्यात काम करता म्हणता. पण ह्या नंबरची सिस्टर गेल्या मे महिन्यापासून कल्याणच्या एका हॉस्पिटलात पूर्णवेळ आहे. हॉस्पिटलने परवाना नूतनीकरणाला जी स्टाफची यादी दिलीय, त्यात तुमचं नाव आहे."

मला आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं. ती लग्न करून गेलीच नव्हती. ती माझं नाव घेऊन ड्युटीला गेली होती.

मी सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघा, सर्टिफिकेट भाड्याने देणाऱ्या सिस्टर आम्ही रोज बघतो. हॉस्पिटलला यादीत नाव दाखवायला कागद लागतो, सिस्टरला घरबसल्या दर महिन्याला काहीतरी मिळतं. तसं नसेल तर पोलिसांचा अहवाल नाहीतर कोर्टाचा आदेश आणा. १५ डिसेंबरपर्यंत जागा राखून ठेवते. त्यानंतर प्रतीक्षा यादीतली पुढची."

भाड्याने! मी! नऊ वर्षांत एकाही पेशंटच्या घरच्यांकडून चहासुद्धा घेतला नाही मी. (हे खरं नाही. चहा घेतलाय. पण तेवढंच.)

पण चार महिने दिले त्यांनी. नियमावर बोट ठेवून आजच नाव कापता आलं असतं. आभार मानून आले.

२० ऑगस्ट, बुधवार

कल्याणच्या त्या हॉस्पिटलात गेले. काउंटरवर विचारलं, संचिता घाग सिस्टर आहेत का? रिसेप्शनवाली म्हणाली, "वर आहेत, येतील, बसा." स्वतःच स्वतःला भेटायला आलेली बाई मी पहिलीच असेन.

बाकावर शेजारी एक आजी होत्या, नवऱ्याला ॲडमिट केलेलं. मी सिस्टरांसाठी थांबलेय कळल्यावर खुलल्या. "संचिता सिस्टर ना? लाखात एक पोर. माझ्या म्हाताऱ्याला कोणाची सुई चालत नाही, तिचीच चालते. देव तिचं कल्याण करो." मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? आशीर्वाद माझ्याच नावाने होता.

आणि जिन्यावरून मृणाल उतरली. पांढरा युनिफॉर्म, छातीवर पाटी, संचिता. मला बघितलं. एक पायरी थांबली, वळली आणि वर गेली. मी धावले तोवर मागच्या जिन्याने निघून गेलेली.

सुईला तिचा हात खरंच हलका आहे. मीच शिकवलेलं, उशीवर. पण डोस काढताना गडबडते, राहिलेल्या दोन विषयांतला एक तोच. एखाद्या दिवशी चूक झाली तर जीव कोणाचा जाईल, आणि नाव कोणाचं येईल? रिक्षात बसल्यावर घरापर्यंत हाच विचार.

२१ ऑगस्ट, गुरुवार

हेमा सिस्टर म्हणाल्या, आता चोरीची तक्रार दे, ती तिथे आहे हे कळलंय ना? धावत चौकीत गेले. तेच हवालदार. मला बघून हसले. ऐकलं आणि हसणं बंद झालं.

"मॅडम, तुम्हीच लिहून दिलंय ना? रिक्षात गहाळ झाली. प्रतिज्ञापत्र आहे तुमचं. आता चोरी म्हणता? शपथेवर खोटं लिहिलं म्हणून तुमच्यावरच येईल ते."

"तुम्हीच तर सांगितलंत!"

"मी सल्ला दिला. सही कोणाची?"

तरी अर्ज घेतला. संध्याकाळी हॉस्पिटलला फोन लावला माझ्यासमोर, स्पीकरवर. तिथले डॉक्टर म्हणाले, संचिता घाग नावाच्या सिस्टर होत्या, कालच राजीनामा देऊन गेल्या. म्हणजे मीच होते आणि मीच गेले! मृणाल नावाचं कुणी? नाही, कधीच नाही. हवालदार फोन ठेवून म्हणाले, "बघा. जाऊ द्या आता. आणि आम्हाला शिकवू नका, कागद भाड्याने कसे जातात ते."

त्यांना पेढे दिलेले मी! स्वतःच्या हाताने! डोकं असं फिरलंय की भिंतीवर आपटावं. मेली अक्कल कुठे गेलेली माझी? रंगूबाईंना कळलं ते मला कळलं नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

आज आमच्याकडे गौरीपूजन, आणि मी इथे. सुट्ट्या सगळ्या चकरांत संपल्या. रंगूबाईंनी खाली बोलावलं, त्यांच्या गौरीला मला हळदकुंकू वाहायला लावलं. मग पत्र्याची पेटी उघडून एक कागद काढला. भाडेकरूंची माहिती पोलिसात देतात त्या फॉर्मची प्रत. मृणालचा फोटो, गावचा पत्ता, सही, सगळं आहे. "मना वाचता येत नाय, पन कागूद टाकू नये इतका कलतं," म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडले. गौरीच्या आधी.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

हेमा सिस्टरचा भाचा ऋतुराज वकील आहे, कळव्याला राहतो. फी घेणार नाही म्हणाला. मावशीने दम दिलेला दिसतोय. त्याने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज तयार केला. नव्या कायद्याप्रमाणे, जिच्याविरुद्ध तक्रार आहे तिचं म्हणणं कोर्टाला आधी ऐकून घ्यावं लागतं. म्हणजे मृणालला नोटीस जाईल, यावं लागेल. रंगूबाईंच्या कागदावरचा पत्ता उपयोगी पडला.

मी विचारलं, जिंकू ना? तो म्हणाला, "ताई, तुमच्याविरुद्ध सगळ्यात मोठा पुरावा तुम्हीच दिलाय. पण प्रयत्न करू." खरं बोलला ते आवडलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

तारीख होती. मॅजिस्ट्रेट साहेब रजेवर.

आजची माझी ड्युटी वॉर्डातल्या अक्षदाने केली. तिचं बाळ अकरा महिन्यांचं आहे. मी काही म्हणायच्या आधीच तिने केली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तारीख. पोलिसांचा अहवाल आला नाही म्हणून पुढची. आज माझी ड्युटी स्वतः हेमा सिस्टरने केली. मेट्रन असून बेडपॅन दिलं म्हणे. वॉर्डात दिवसभर तेच चाललेलं. विचारलं तर अंगावर आल्या, "माझे हात काय सोन्याचे आहेत?"

कधीकधी वाटतं मी हे सगळं सोडून द्यावं. मृणालचा रागही धड येत नाही. रडत होती ना जाताना. मग वाटतं, येऊ दे राग, का नको येऊ? तिने दोन विषय सोडवले असते तर तिचं स्वतःचं नाव असतं. मी तिच्यासोबत रात्र रात्र बसायला तयार होते.

९ डिसेंबर, मंगळवार

अर्ज फेटाळला. हे आधी लिहून टाकते, म्हणजे बाकीचं नीट लिहिता येईल.

पोलिसांचा अहवाल दीड पानाचा. तक्रारदाराने स्वतः कागदपत्रं गहाळ झाल्याचं शपथेवर लिहून दिलेलं आहे, हॉस्पिटलच्या नोंदीत मृणाल नावाची व्यक्ती नाही, सबब तथ्य नाही. साहेबांनी तेवढंच वाचलं. पाच मिनिटं लागली असतील. ऋतुराज म्हणतो वर जाता येईल, पण १५ तारीख सहा दिवसांवर आहे. जागा गेली. बाबांना फोन केला. म्हणाले, "गुडघे कुठे पळून जातायत? तू जेवलीस का?" तिथे मात्र मला रडू आलं.

पण आज माझ्यासोबत किती जण होते! अक्षदा आणि डे शिफ्टच्या पोरींनी आपापसात वाटून माझं काम केलं. हेमा सिस्टर रजा टाकून आल्या, नऊ वर्षांत मी त्यांना रजेवर बघितलं नव्हतं. रंगूबाई नवं लुगडं नेसून, डबा घेऊन. कोर्टात डबा चालत नाही म्हणाला पोलीस, तर त्याच्याशीच भांडल्या. परतताना हेमा सिस्टर रिक्षात फोनवरच होत्या. कळवा, ठाणे, कल्याण, बदलापूर, जिथे जिथे त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरगी मेट्रन आहे तिथे तिथे. "माझ्या घागच्या नावाने कोणी आली तर आधी चेहरा बघायचा आणि मला फोन करायचा." एकेकीला दोन दोनदा सांगितलं. आता ह्या नावाखाली कुठल्या पेशंटला ती सुई लावू शकणार नाही. ज्याची मला धास्ती होती ते ह्या बाईने एका रिक्षाच्या भाड्यात थांबवलं. मी त्यांचा हात धरला तर म्हणाल्या, "सोड, नंबर चुकतोय."

आता ते लिहिते, जे ह्या सगळ्याच्या आधी झालं.

मृणाल आलेली. आमच्या पुढच्याच बाकावर, तिच्या वकिलाशेजारी. वाळलीये. मागे वळून बघितलं नाही. आधीची प्रकरणं चालू होती, दीड तास गेला, सगळेच पेंगुळलेले. मग कोर्टाच्या माणसाने कागदावरून नाव पुकारलं, "संचिता शांताराम घाग!"

मी उभी राहिले. आणि माझ्या पुढे मृणालही उभी राहिली.

चटकन, वॉर्डात हाक आल्यावर आम्ही उठतो तशी. ओढणी सावरून, "हो" सुद्धा म्हणाली. तिच्या वकिलाने तिच्याकडे बघितलं. तिने मागे मला बघितलं, आणि तिचा चेहरा! तो मी कुणाला सांगू शकणार नाही.

"दोघी कशाला? संचिता कोण?" तो माणूस म्हणाला.

साहेब खाली मान घालून सही करत होते. ऋतुराज उठला, म्हणाला, सर, आत्ता जे झालं त्याची नोंद व्हावी. साहेबांनी वर बघितलं तोवर काहीच दिसण्यासारखं उरलं नव्हतं. "काय झालं? कागदावर काय आहे ते दाखवा," म्हणाले. कागदावर तर मीच लिहिलेलं होतं, रिक्षात गहाळ झाली.

घरी आल्यावर हेमा सिस्टर खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "डायरी आण. कोर्टाने नोंद घेतली नाही ना? आपण घेऊ. वेळ टाक आणि पेशंटच्या केसपेपरवर लिहितेस तसं लिही. जेवढं बघितलं तेवढंच. मनातलं नको."

दि. ९/१२/२०२५. दुपारी १२.४०. तक्रारदाराचं नाव पुकारलं. त्या नावाला दोघी उभ्या राहिल्या. 'संचिता कोण' असं विचारल्यावर मृणाल खाली बसली. संचिता उभीच राहिली.

बघणाऱ्यांच्या सह्या:

हेमा (मेट्रन)

रंगूबाई, डाव्या हाताचा अंगठा